शंभर वॅट की पाचशे? बेसच्या ॲम्पचा हिशेब

वाचकाचं पत्र

नमस्कार दादा,

मी नाशिकला राहतो, वय २४. चार तारांचा पॅसिव्ह जॅझ बेस वाजवतो. आमचा पाच जणांचा बँड आहे: ड्रम, दोन गिटार, बेस आणि गायिका. दर रविवारी जॅमरूम भाड्याने घेतो. तिथे गायिकेच्या माइकपुरते दोन स्पीकर आहेत, बेस त्यातून सोडलेला नाही. शिवाय गणपती-नवरात्रात एका हिंदी-मराठी ऑर्केस्ट्रात वाजवतो, तिथे साउंडवाला असतो. माझा १५ वॅटचा प्रॅक्टिस ॲम्प ड्रम सुरू झाले की ऐकूच येत नाही.

तीन पर्याय आहेत. फेंडरचा रंबल १००, रंबल ५०० (बजेटच्या थोडा बाहेर जातो), किंवा एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं जुनं हेड (म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आणि आठ स्पीकरचं मोठं कॅबिनेट, जे स्वस्तात मिळतंय. मित्र म्हणतात, वॅट जास्त तेवढा आवाज जास्त, मग जुनंच उचल. मला जुन्या रेकॉर्डवरचा तो गोल, जाड आवाज हवाय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मावसभाऊ दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकडून तिकडचा ॲम्प मागवू का?

आणि एक. घरी मस्त सेट केलेला टोन बँडमध्ये गेल्यावर पार गायब होतो. असं का होतं?

उत्तर

मित्रा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला नाही तर पाचशे वॅटचा ॲम्प आणूनही तू रविवारी तसाच गायब होशील.

आपल्या कानाला सगळे सूर सारखे ऐकू येत नाहीत. आवाज हळू असतो तेव्हा खर्जातले सूर फार कमी जाणवतात, आणि आवाज वाढवला की तेच सूर भरून येतात. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून १९३३ साली प्रसिद्ध केलं. तुझ्या खोलीत काय होतं ते आता बघ. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज हळू, त्यामुळे बेस पोकळ वाटतो. मग तू बेसचं बटण वाढवतोस, बोटांचा चटका ऐकू यावा म्हणून ट्रेबलही वाढवतोस, आणि मधले सूर नाकातून आल्यासारखे वाटतात म्हणून मिड खाली आणतोस. एकट्यानं ऐकायला हा टोन सुरेख लागतो. रविवारी तेच सेटिंग घेऊन तू बँडमध्ये जातोस. तिथे तळाच्या जागेवर ड्रमची किक बसलेली असते आणि वरच्या जागेवर झांजा व दोन गिटार. तुझ्यासाठी जी जागा रिकामी होती, ती मधली, आणि नेमकी तीच तू स्वतःच्या हाताने कापून टाकलेली असते.

बेसचा सूर ओळखू येतो तो मधल्या पट्ट्यात. खुल्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, ए ५५ चा, डी ७३ चा आणि जी ९८ चा. दहा किंवा बारा इंची स्पीकरच्या बऱ्याच कॅबिनेटमधून ४१ हर्ट्झ जेमतेमच बाहेर पडतो. तरी आपल्याला ई ऐकू येतो, कारण त्याच तारेतून ८२, १२३, १६४ असे वरचे सूरही निघत असतात आणि त्यांच्यावरून कान मूळ सूर जुळवून घेतो. म्हणजे श्रोत्यापर्यंत बेस पोचवण्याचं काम मुख्यतः हे वरचे सूर करतात. २५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास जाडी आणि ऊब मिळते. ७०० ते ८०० च्या आसपास बोट तारेवर पडल्याची जाणीव होते. हजाराच्या वर गुरगुर आणि स्पष्टपणा येतो. उलट ६० च्या खाली जे काही वाढवशील ते छोट्या खोलीत नुसतं घुमतं आणि ॲम्पची सगळी ताकद खातं.

म्हणून येत्या रविवारी, एक रुपया खर्च न करता, हे करून बघ. ॲम्पची सगळी बटणं मध्यावर ठेव. बेस मध्यापासून थोडा खाली आण, मिड थोडा वर ने. खोलीत एकट्याला तो टोन कदाचित रुक्ष वाटेल, तरी बँड सुरू होईपर्यंत हात लावू नकोस. आणि दोन्ही गिटारवाल्यांना त्यांच्या ॲम्पवरचा बेस कमी करायला सांग. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची, म्हणजे तुझ्याच अंगणात उतरलेली. दोघांनीही तिथे जोर लावला तर कितीही महागडा बेस ॲम्प चिखलात रुततो. गिटारवाले आधी नाराज होतील, पण दोन गाण्यांनंतर त्यांची गिटारही जास्त सुटी ऐकू यायला लागेल. रंबल घेतलास तर त्याच्यावर काँटूर नावाचं एक बटण आहे. ते मधले सूर कापतं. बँडमध्ये ते बंदच ठेव. लो-मिड आणि हाय-मिड अशी दोन वेगळी बटणं त्यावर आहेत, तुझा खरा खेळ त्या दोघांवर आहे.

एवढं करूनही १५ वॅट ड्रमपुढे टिकणार नाहीत हे मला माहीत आहे. नवा ॲम्प लागणारच. पण तो निवडताना मित्रांचं "वॅट म्हणजे आवाज" हे सूत्र बाजूला ठेव.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शंभरावरून दोनशेवर गेलास तर फरक जाणवेल, पण थक्क व्हावं असा नसेल. आता यात स्पीकर आण. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, याला स्पीकरची सेन्सिटिव्हिटी म्हणतात. समजा एका कॅबिनेटची ती ९४ आहे आणि दुसऱ्याची १००. हा ६ डेसिबलचा फरक म्हणजे चौपट वॅट. दुसऱ्या कॅबिनेटवर १०० वॅटमध्ये जे मिळेल त्यासाठी पहिल्याला ४०० द्यावे लागतील. दुकानातल्या पाटीवर वॅट ठळक अक्षरात असतात आणि हा दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. कॅबिनेट वेगळं विकत घेणार असशील तर तो मागून घे.

वॅटचा आकडासुद्धा कोणता, ते बघावं लागतं. पूर्वी आपल्याकडे टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टीमवर हजारोंनी पीएमपीओ वॅट छापलेले असायचे, आठवत नसेल तर घरच्या मोठ्यांना विचार. ते आकडे कामाचे नव्हते. बेसच्या ॲम्पवरही काही जण क्षणभर निघणारा कमाल आकडा छापतात. तू आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा बघ, आणि तो किती ओहमला (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) दिलाय तेही बघ. रंबल ५०० चंच घे. पाचशेचा आकडा खरा आहे, पण तो बाहेरून आणखी एक ८ ओहमचं कॅबिनेट जोडल्यावरचा. एकटा चालवलास तर तो आपल्या आतल्या स्पीकरना ३५० वॅट देतो. कंपनीनं हे लपवलेलं नाही, पण दुकानात सांगितलं जाईलच असं नाही.

मग १०० आणि ३५० मध्ये फरक किती? साडेपाच डेसिबलच्या आत. कानाला दीडपटीच्या आसपास. पण बेसच्या बाबतीत हा फरक आवाज मोठा होण्यात जेवढा दिसतो त्याहून जास्त तो फाटला न जाण्यात दिसतो. बेसची तार जोरात ओढलीस की पहिल्या क्षणाला मोठा झटका येतो आणि मग सूर खाली बसतो. त्या झटक्यासाठी ॲम्पकडे शिल्लक ताकद लागते. त्यात तू बेसचं बटण ६ डेसिबलनं वर केलंस तर त्या पट्ट्यात चौपट वॅट लागतात. शंभर वॅटचा ॲम्प तिथेच दमतो.

दुसरा भाग स्पीकरच्या पडद्याचा. तेवढ्याच आवाजात एक सप्तक खाली जायचं तर पडद्याला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. एका हद्दीनंतर तो हलू शकत नाही आणि फडफडतो. म्हणून बेसमध्ये पडद्याचं एकूण क्षेत्रफळ फार मोलाचं. घाईत अंदाज घ्यायचा असेल तर इंचांचा वर्ग कर. बारा इंची एक स्पीकर म्हणजे १४४. दहा इंची दोन म्हणजे २००. पंधरा इंची एक म्हणजे २२५. तुझ्या त्या जुन्या कॅबिनेटमधले आठ जर दहा इंची असतील तर ८००. रंबल १०० मध्ये बारा इंची एक आहे, ५०० मध्ये दहा इंची दोन. म्हणजे ५०० कडे वॅटही जास्त आणि हलवायला हवाही जास्त.

"पंधरा इंची म्हणजे खर्ज, दहा इंची म्हणजे पंच" असं तुला दुकानात ऐकवतील. त्यावर विसंबू नकोस. दहा इंची स्पीकर चांगल्या मापाच्या पेटीत बसवला तर भरपूर खाली जातो, आणि सुमार पेटीतला पंधरा इंची नुसता ढबढबतो. पेटीचं काम कसं चालतं याचा एक जुना नियम आहे, हॉफमनच्या नावानं ओळखला जातो: खोल खर्ज, छोटी पेटी आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. हलकी, छोटी कॅबिनेट आज इतकी खोल वाजतात ती भरपूर वॅटच्या जोरावर, आणि ते वॅट स्वस्त व हलके झाले क्लास डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीच्या ॲम्पमुळे. रंबल १०० साधारण १० किलोचा आहे, ५०० साधारण साडेसोळा किलोचा. तीन मजले चढून १० किलो कुणीही नेईल. साडेसोळा तू या वयात नेशील, फक्त दोन्ही हातांनी आणि बेस पाठीवर असताना नको. दोन फेऱ्या कर.

आता तुझ्या त्या गोल, जाड आवाजाबद्दल. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण या आवाजापायी बेसवाले चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात.

फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ चा आणि त्याच्यासाठी काढलेला बेसमन ॲम्प १९५२ चा. अँपेग कंपनीचा पोर्टाफ्लेक्स बी-१५ हा ॲम्प आला १९६० मध्ये. वाजवून झालं की व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा) भाग उलटा करून पेटीच्या आत बसवायचा, अशी त्याची रचना. पंधरा इंची एक स्पीकर आणि वॅट जेमतेम २५ ते ३०. साठच्या दशकातल्या स्टुडिओंचा हा लाडका ॲम्प. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जॅमर्सन जो बेस वाजवायचा, त्याच्या आवाजाला जगभर लोक अजून मान देतात. त्याच्याकडे बी-१५ होता, पण स्टुडिओत त्याचा बेस बहुतेक वेळा थेट मिक्सिंगच्या टेबलात जायचा. तो आवाज आला कुठून? गुळगुळीत, चपट्या वेटोळ्याच्या फ्लॅटवाउंड तारांमधून, ज्या तो सहसा बदलत नसे. ब्रिजच्या झाकणाखाली दाबून बसवलेल्या फोममधून, जो सूर लवकर विझवतो. आणि उजव्या हाताच्या एकाच बोटातून. त्यात पाचशे वॅट कुठेच नाहीत.

तुझ्या जॅझ बेसवर या आवाजाच्या जवळ जायचं असेल तर मानेकडचा पिकअप (तारांचं कंपन उचलणारी पट्टी) पूर्ण उघड, ब्रिजकडचा बराच खाली आण, टोनचं बटण अर्ध्याच्या खाली ने, आणि बोट ब्रिजपाशी न ठेवता मानेच्या टोकाजवळ ठेव. तारा मात्र फ्लॅटवाउंड लाव. याच्यानंतर ॲम्प काय करायचं ते करेल. रंबलवरचं व्हिंटेज बटण तेव्हा दाबून बघ, त्यात व्हॉल्व्हसारखा थोडा मऊपणा येतो.

आठ स्पीकरचं भलंमोठं कॅबिनेट हे वेगळ्याच गरजेचं अपत्य. अँपेगनं १९६९ मध्ये एसव्हीटी काढला: व्हॉल्व्हचे ३०० वॅट, नुसतं हेडच ३५ किलोंच्या वर, आणि त्याच्या जोडीला आठ दहा-इंची स्पीकरचं बंद कॅबिनेट. रोलिंग स्टोन्सनी त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला. त्या काळी स्टेजवरचा बेस हजारो लोकांपर्यंत नेण्याची ताकद कार्यक्रमाच्या मुख्य साउंड सिस्टीममध्ये नव्हती, म्हणून ते काम ॲम्पलाच करावं लागायचं. आज तुझ्या ऑर्केस्ट्रात हे काम साउंडवाल्याचे बेस बिन, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, करतात. स्टेजवर ॲम्प लागतो तो तुला आणि ड्रमवाल्याला ऐकू येण्यापुरता.

म्हणून ते जुनं कॅबिनेट घेऊ नकोस. या घडणीची कॅबिनेट साठ किलोंच्या आसपास असतात. तिसऱ्या मजल्यावर नेणं आणि दर गणपतीत टेम्पोत चढवणं या दोन्हींचा खर्च आणि पाठदुखी तुझ्या वाट्याला येईल, आणि बँडमधली चार माणसं फार काळ हात द्यायला येत नाहीत. त्याहून मोठी भीती आतल्या स्पीकरची. ऑर्केस्ट्राच्या कॅबिनेटमधले जळालेले स्पीकर बदलताना हाताला जो मिळेल तो बसवलेला असू शकतो. आठातला एक वेगळ्या ओहमचा किंवा बंद असेल तर बाहेरून कळत नाही, आणि हेडवर पडणारा भार बदलतो. तरीही मन ओढ घेत असेल तर मल्टीमीटर घेऊन जा. कॅबिनेटच्या सॉकेटवर डीसी ओहम मोज. ८ ओहमचं कॅबिनेट साधारण ६ च्या आसपास दाखवतं, ४ ओहमचं ३ च्या आसपास. मागे लिहिलेल्या आकड्याशी ते जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबव. हेड व्हॉल्व्हचं असेल तर कॅबिनेट जोडल्याशिवाय ते चालू करून दाखवायला सांगू नकोस, आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

ओहमचा हिशेब तुला पुढेही लागेल, म्हणून सांगून ठेवतो. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात, ४ ची दोन जोडली की २. बहुतेक ॲम्पची खालची मर्यादा ४ असते, ती मागच्या बाजूला लिहिलेली असते. तिच्या खाली जायचं नाही. आणि हेड ते कॅबिनेट जोडायला गिटारची केबल कधीच वापरू नकोस. दोन्हींना एकच जॅक असला तरी गिटारच्या केबलमधली तार बारीक असते, ती तापते. त्यासाठी जाड स्पीकर केबल लागते.

मग माझं मत काय? रंबल ५०० घे. कारण तुझा रविवार. ऑर्केस्ट्रात साउंडवाला आहे, तिथे १०० सुद्धा पुरला असता. पण जॅमरूममध्ये खऱ्या ड्रमपुढे तू फक्त स्वतःच्या ॲम्पच्या जिवावर उभा असतोस. तिथे बारा इंची एक स्पीकर आणि १०० वॅट म्हणजे सगळी बटणं शेवटपर्यंत नेऊन कसंबसं निभावणं. ते निभेल, पण सूर फाटेल आणि गोल आवाजाची तुझी हौस तिथेच संपेल.

एक मात्र आधी करून बघ. जॅमरूमच्या मालकाला विचार, बेस त्या स्पीकरमधून सोडू देतो का. तू फक्त "सोडलेला नाही" असं लिहिलंस, विचारलं होतं का ते लिहिलं नाहीस. त्याच्याकडे एखादं सबवूफर असेल आणि तो तयार झाला, तर १०० घे आणि उरलेल्या पैशात चांगल्या तारा, एक सेटअप आणि एक ट्यूनर पेडल घे. नुसते माइकचे छोटे स्पीकर असतील तर आग्रह धरू नकोस, ते बेसनं फाटतील आणि नुकसानभरपाई तुझ्या माथी येईल. त्याच जातीचे इतरही ॲम्प आहेत. अँपेगचा रॉकेट बेस २१० दहा इंची दोन स्पीकरचाच आहे, हार्टकेचेही कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहेत. मिळाले तर शेजारी ठेवून ऐक. मी रंबलच्या बाजूनं झुकतो ते वजनामुळे आणि चार पट्ट्यांच्या बटणांमुळे.

ऐकायला दुकानात जाशील तेव्हा घाई करू नकोस. स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल ने, दुकानातला भारी बेस हातात घेऊ नकोस. शनिवार-रविवार टाळ, गर्दीत कुणी मोठ्यानं वाजवू देत नाही. ॲम्प कोपऱ्यात ठेवलेला असेल तर भिंतीपासून पुढे ओढायला सांग. कोपऱ्यात कुठलाही बेस फुगतो आणि प्रत्येक ॲम्प चांगला वाटतो. सगळी बटणं मध्यावर, जादा सगळं बंद.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही ॲम्प सारख्या आवाजावर आण. मोठा वाजणारा ॲम्प कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो, फरक एक-दोन डेसिबलचा असला तरी. फोनवर आवाज मोजायचं फुकट ॲप असतं. फोन दोन मीटरवर एकाच जागी ठेव, दोन्हीवर एकच ओळ एकाच जोरानं वाजव आणि आकडा जुळव. मग फोनवरून एखादा साधा ड्रमचा ठेका दुकानातल्या स्पीकरवर लाव आणि त्याच्यासोबत वाजव. एकट्या बेसचा टोन ऐकून निर्णय घेऊ नकोस. ठेका चालू असताना खुली ई जोरात ओढ, आणि पडदा फडफडेपर्यंत आवाज वाढवत ने. कुठे फडफडतो ते दोन्हींवर बघ. शेवटी ड्रमवाल्या मित्राच्या हातात बेस दे, तो वाजवेल ते चालेल, आणि तू स्वतः सात-आठ पावलं मागे जाऊन उभा राहा. गुडघ्यापाशी ॲम्प असताना तुला जे ऐकू येतं ते कुणालाच ऐकू येत नाही.

ऑर्केस्ट्रासाठी दोन गोष्टी. ॲम्पच्या मागची एक्सएलआर लाइन आउट (माइकच्या केबलसारखी तीन पिनांची जोडणी) थेट साउंडवाल्याला दे. मग बाहेरचा आवाज तो बघेल, तू स्टेजवर हवा तेवढाच ठेव. दुसरी गोष्ट जिवाची आहे. मांडवात जनरेटरवर किंवा खांबावरून घेतलेल्या लाइनवर अर्थिंग बऱ्याचदा नसतं. मग ॲम्प घुंऽऽ करत राहतो आणि कुणीतरी शहाणा प्लगची अर्थची पिन काढायला सांगतो. ते कधीही करू नकोस. तुझ्या बेसच्या तारा ॲम्पमार्फत त्या अर्थला जोडलेल्या असतात. ती पिन काढल्यावर ॲम्पमध्ये काही बिघाड झाला, तर तारांवर हात आणि ओठ माइकला, एवढ्यात शॉक बसतो, आणि अशा शॉकनं वादकांचे जीव गेलेले आहेत. घुं येत असेल तर लाइन आउटपाशी ग्राउंड लिफ्टचं (फक्त त्या केबलमधला अर्थ तोडणारं) बटण असतं का बघ, किंवा साउंडवाल्याकडून तशी सोय असलेला डीआय बॉक्स, म्हणजे बेस थेट मिक्सरला जोडायची डबी, माग. माइकला हात लावण्याआधी मंडळाच्या इलेक्ट्रिशियनकडून टेस्टर लावून घे. तो कंटाळा करेल, तरी लावून घे.

घरच्या रियाजाला ५०० मोठा पडेल असं वाटत असेल तर काळजी नको. त्याला हेडफोनची जागा आहे आणि फोन जोडायलाही जागा आहे. रात्री तेच वापर. तुझा १५ वॅटवाला विकू नकोस, नवीन गाणं बसवताना तो टेबलावर बरा.

राहिला मावसभाऊ. अमेरिकेत घरचा वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडच्या बाजारासाठी बनलेला ॲम्प इथे थेट लावला तर निदान फ्यूज उडेल, आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर आणखीही काही जळेल. काही हलक्या हेडच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, ती दोन्हीकडे चालतात. तसं लिहिलेलं नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि या ताकदीच्या ॲम्पला तो १ केव्हीएचा तरी हवा. तोही तिसऱ्या मजल्यावर तूच चढवणार. वर विमानातली एक अख्खी बॅग गेली, कस्टमचा प्रश्न आला, आणि बिघडला तर इथे वॉरंटी मिळेल याची खात्री नाही. ॲम्प इथूनच बिलावर घे.

मावसभावाला फ्लॅटवाउंड तारांचे दोन संच आणायला सांग. खिशात मावतात, व्होल्टेजची भानगड नाही. जॅझ बेसचा स्केल ३४ इंचांचा असतो, म्हणून पाकिटावर लाँग स्केल लिहिलेलं बघूनच घ्यायला सांग. जाडी ४५ ते १०५ ची चालेल. फ्लॅटवाउंड तारांचा ताण बहुधा जास्त असतो, त्यामुळे त्या लावल्यावर मान थोडी पुढे वाकते. लावून झाल्या की दोन दिवसांनी एखाद्या जाणत्या कारागिराकडून ट्रस रॉड (मानेतली बाक जुळवायची सळई) आणि इंटोनेशन (वरच्या पट्ट्यांवरही सूर बरोबर लागणं) जुळवून घे.